त्या नऊ वर्षांत आपण काय केले?



काही प्रश्न दिसायला अगदी साधे असतात. पण उत्तर देऊ लागले म्हणजे ते माणसाच्या सबंध आयुष्याची झडती घेतात. असा एक प्रश्न २०२४ च्या पावसाळ्यात इंदूर येथे आमच्यापुढे आला. रविवारची उपासना आटोपल्यावर आमच्या परिचयाच्या एक भगिनी हाती काही कागद घेऊन आमच्या घरी आल्या. व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या एका संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून करावयाचा तो अर्ज होता. अर्ज संगणकावरच भरावयाचा होता, परंतु आधी हाताने लिहून पाहावा म्हणून त्यांनी तो छापून घेतला होता. बहुतेक रकाने भरलेले होते. एक चौकोन मात्र कोरा होता. नोकरीत खंड पडला असल्यास त्याचे कारण द्यावे, असे त्यावर लिहिले होते.

“काका, इथे काय लिहू?” त्यांनी विचारले.

त्यांची हकीगत थोडक्यात अशी. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्या २००७ साली एका बँकेत लागल्या. कर्जविभागात आठ वर्षे त्यांनी चांगले काम केले. २०१५ साली सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगी त्या वेळी तीन वर्षांची होती. घरात कोणीतरी राहणे भाग होते आणि कोणी राहावे यावर फारशी चर्चा झालीच नाही. यांनी राजीनामा दिला. सासूबाई सात वर्षे अंथरुणावर होत्या व २०२२ साली त्या वारल्या. अर्ज भरावयास घेतला तेव्हा बाईंचे वय एकेचाळीस होते, मुलगी बारा वर्षांची झाली होती आणि कामावरून दूर झाल्याला नऊ वर्षे लोटली होती.

आपल्या मंडळ्यांत स्त्रीने नोकरी करणे ही नवी गोष्ट नाही. शाळांतून शिकविणाऱ्या आणि दवाखान्यांतून शुश्रूषा करणाऱ्या आज्या-पणज्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत होऊन गेल्या. नवे आहे ते हे की, मध्यंतरी घरासाठी काम सोडावे आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन वर्गात बसावे. म्हणून या प्रश्नाचा विचार वाचकांसमवेत करावा असे आम्हांला वाटले.

प्रथम या शिक्षणाविषयी चार शब्द. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. इंदूरची संस्था १९९६ सालची. ती राऊजवळच्या टेकडीवर आहे. गोव्यात १९९३ साली अशी संस्था निघाली आणि हैदराबादेत २००१ साली. म्हणजे आपली मराठी माणसे ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यांपैकी कित्येकांच्या वेशीवरच हे शिक्षण आलेले आहे. यात सामान्यतः दोन वाटा आहेत. पहिली दोन वर्षांची. तिच्यासाठी बहुधा ‘कॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही. पदवीला पन्नास टक्के गुण लागतात आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांना पंचेचाळीस. दुसरी वाट एक वर्षाची. ती काही वर्षे नोकरी केलेल्यांसाठी असते व तीत ‘जी-मॅट’ या परीक्षेचे गुण बहुधा पाहिले जातात. गणित, भाषा आणि आकडेवारीचा अर्थ लावणे असे तिचे तीन भाग असून प्रत्येकास पंचेचाळीस मिनिटे मिळतात. तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरतात. आमच्या भगिनींनी ही दुसरी वाट निवडली होती. मुलगी शाळेत गेली की जेवणाच्या टेबलावर वही उघडायची, असा आठ महिने अभ्यास करून त्यांनी परीक्षा दिली आणि गुणही बरे मिळविले.

परंतु गुणांनी सर्व भागत नाही. स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो, जुन्या वरिष्ठांचे शिफारसपत्र लागते, पुढे मुलाखत होते. आणि या प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहतो. त्या नऊ वर्षांत आपण काय केले?

बाई आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांना सल्ले पुष्कळ मिळालेले होते. त्यांतील दोन विचारात घेण्यासारखे आहेत, कारण दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले होते आणि दोन्हींत खोट होती.

पहिला सल्ला दिरांचा. त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. ते म्हणाले, “वहिनी, आमच्या लेटरहेडवर दाखला देतो. सहा वर्षे हिशेब तुम्हीच पाहिलेत असं लिहू. कोण विचारायला येतंय?” यात गोम अशी की, ही गोष्ट सर्वस्वी खोटी नव्हती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा दुकानाची कागदपत्रे लावून देण्यासाठी बाईंनी दोन महिने खरोखरच मदत केली होती. त्या दोन महिन्यांची सहा वर्षे करावयाची, एवढेच.

असा दाखला पुढे तपासला जातो, आणि खोटा ठरल्यास मिळालेला प्रवेशही जातो, हे व्यवहाराचे उत्तर झाले. पण समजा, कोणीच तपासले नाही. तरीही तो दाखला देणे अयोग्य का, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते त्यात दोन अन्याय आहेत. ज्या उमेदवाराने सहा वर्षे खरोखर हिशेब पाहिले त्याच्यावर एक अन्याय होतो. दुसरा अन्याय त्या आजारी सासूवर आणि तिची सेवा करणाऱ्या हातांवर होतो. त्या सात वर्षांवर दुकानाचा कागद चिकटविणे म्हणजे ती वर्षे लाज वाटण्याजोगी होती असे आपण होऊन कबूल करणे. जे केले ते योग्यच होते, तर ते झाकावे कशाला?

दुसरा सल्ला भाच्याचा. तो अहमदाबादेस नोकरी करतो आणि या क्षेत्रातील भाषा त्याला चांगली अवगत आहे. तो म्हणाला, “मावशी, तू लपवू नकोस; फक्त मांडणी बदल. घरखर्च म्हणजे अर्थसंकल्प. कामवाल्या बाई आणि नर्स म्हणजे मनुष्यबळ. आजीला रात्री दवाखान्यात नेलंस, ते आणीबाणीचं व्यवस्थापन. तू नऊ वर्षे एक संस्था चालवलीस असं लिही.”

हा सल्ला हल्ली सर्वत्र दिला जातो आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा दिसतो. यात खोटे असे काही नाही. घर चालविण्यास अक्कल, हिशेब आणि धीर लागतो, हे कोण नाकारील? तरी बाईंना तो रुचत नव्हता आणि का रुचत नाही हे त्यांना सांगता येत नव्हते. आम्ही त्यांना विचारले, “सात वर्षे रोज सकाळी तुम्ही काय करीत होता ते सांगा.” त्या सांगू लागल्या. सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होत. पातळ पेज चमच्याने भरवायची. ठसका लागला की थांबायचे. अंथरूण बदलायचे, अंग पुसायचे, हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे. त्यांना बोलता येत नसे, म्हणून डोळ्यांवरून ओळखायचे. एवढे सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “याला मनुष्यबळ कसं म्हणू? त्या माझ्या सासूबाई होत्या.”

आमच्या मते बाईंनी येथे मर्मावरच बोट ठेवले. सेवेला व्यवस्थापनाचे नाव दिले की तिची किंमत वाढते, अशी समजूत या सल्ल्यामागे आहे. म्हणजे व्यवस्थापन हीच खरी वस्तू आणि शुश्रूषा तिची घरगुती नक्कल. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सात वर्षे जखमा होऊ न देणे हे स्वतःच्याच नावाने मोठे काम आहे. त्याला दुसऱ्याचे नाव कशाला? शिवाय त्या कामातून माणूस जे शिकतो ते निराळेच असते. ज्याला बोलता येत नाही त्याची गरज ओळखणे, फळ दिसत नसताना दररोज तेच काम नीट करणे, कौतुकाशिवाय टिकून राहणे, हे गुण कोणत्याही कचेरीत दुर्मिळच आहेत. मात्र ते मोठ्या शब्दांत सांगू लागले की नाहीसे होतात. साध्या शब्दांत सांगितले तर ऐकणाऱ्याला आपोआप कळतात.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आम्हांला त्या दिवशी बाईंच्या घरी गेल्यावर सुचला.

चहाला म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. बैठकीच्या खोलीत भिंतीवर त्यांच्या यजमानांचे एक मानपत्र चौकटीत लावलेले होते. ते १९९८ पासून एका कचेरीत आहेत; २०२३ साली त्यांच्या पंचवीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल ते देण्यात आले. गृहस्थ सज्जन आणि कष्टाळू आहेत. मानपत्र त्यांना शोभते. पण आम्ही त्या चौकटीकडे पाहत होतो आणि बाईंच्या अर्जातील कोरा चौकोन आमच्या डोळ्यांपुढे येत होता. एकाच घरात, एकाच काळात एकाची सेवा अखंड राहिली आणि दुसरीची खंडित झाली. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत काय? त्यांच्या आईला पक्षाघात झाला त्या वर्षी त्यांची सेवा अखंड राहिली, ती दुसऱ्या कोणीतरी आपली सेवा खंडित केली म्हणूनच. त्या मानपत्रातील सात वर्षे दोघांच्या श्रमांची आहेत. नाव मात्र एकाचे आहे, आणि खुलासा दुसरीला मागितला जातो.

ही एका घराची गोष्ट नव्हे. आपल्या देशाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया रोज घरातील माणसांसाठी बिनपगारी घरकाम करीत होत्या. पुरुषांपैकी सुमारे २६ टक्के. आणि हे काम करणाऱ्यांचा वेळ पाहिला तर स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषाची ९७. जवळजवळ पाच तास एकीकडे, दीड तासाहून थोडा अधिक दुसरीकडे. हा वेळ कोणाच्याही अर्जात अनुभव म्हणून येत नाही.

न्यायालयांनी मात्र त्याची दखल घेतली आहे. रस्त्यावरील अपघातात मृत्यू पावलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचा दावा २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. गृहिणीच्या कामाचे मोल पैशांत कमी लेखण्याच्या वृत्तीवर न्यायालयाने तीव्र शब्दांत टीका केली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व कैदी यांच्यासमवेत अनुत्पादक लोकांत मोजले होते, याचीही त्या निकालात खेदपूर्वक नोंद आहे. पुढे जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयाने गृहिणीचे उत्पन्न भरपाईसाठी धरले पाहिजे हे पुन्हा ठामपणे सांगितले. निकाल स्तुत्य आहेत. परंतु एक गोष्ट मनाला लागते. हे मोल ठरविण्याची वेळ आली ती त्या स्त्रिया अपघातात गेल्यावर. जिवंत स्त्री अर्ज भरावयास बसते, तेव्हा तिच्यापुढे फक्त कोरा चौकोन असतो.

हे शिक्षण ज्यांनी प्रथम उभारले त्यांच्या मनात विद्यार्थी कसा होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची व्यवसाय शाळा १९०८ साली सुरू झाली. तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो १९६३ साली. मध्ये पंचावन्न वर्षे गेली. आपल्या अहमदाबादच्या संस्थेला आरंभीच्या काळात याच शाळेचे सहकार्य लाभले होते. शिक्षण, मग नोकरी, मग बढती, मध्ये कोठेही खंड नाही, असा जो आयुष्याचा क्रम चांगल्या उमेदवाराचा म्हणून रूढ झाला, तो ज्याच्या घरी आजारी माणसाला पाहणारे दुसरे कोणी असते त्याचाच क्रम आहे.

तरी संस्थेचीही बाजू आहे आणि ती न्यायाने मांडली पाहिजे. शिकविणाऱ्याला विद्यार्थ्याची तयारी कितपत आहे हे जाणण्याचा अधिकार आहे. आमच्या भगिनी २०१५ साली बँकेतून बाहेर पडल्या. त्यानंतर २०१६ साली मोबाईलवरून क्षणात पैसे पाठविण्याची यूपीआय पद्धत आली. त्याच वर्षी दिवाळखोरीचा नवा कायदा झाला व थकीत कर्जांच्या वसुलीची रीत बदलली. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. २०१७ साली नवा कर आला. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. कर्जविभागात आठ वर्षे काम केलेल्या व्यक्तीला यांतील बहुतेक गोष्टी नव्याने शिकावयाच्या आहेत. सेवा थोर होती म्हणून ही उणीव भरून निघत नाही. “मी इतका त्याग केला, आता मला प्रवेश द्या,” असे म्हणणे बरोबर होणार नाही. बाईंना हे पटले. त्यांनी नवा कायदा वाचून काढला, जुन्या सहकाऱ्यांना भेटून त्यांचे हल्लीचे काम समजावून घेतले. जुन्या साहेबांकडे शिफारसपत्र मागण्याचा त्यांना विशेष संकोच वाटत होता. ते निवृत्त होऊन उज्जैनला राहत होते. फोन केला तेव्हा त्यांनी आवाज ओळखला आणि एका आठवड्यात पत्र दिले. आपली आठवण कोणाला नसेल असे आपणच ठरवून टाकतो, हे पुष्कळदा खरे नसते.

यानंतर बाईंनी असा एक प्रश्न विचारला की त्याचे उत्तर आम्हांला लगेच देता आले नाही. धन्याने परदेशी जाताना चाकरांच्या हाती आपले द्रव्य सोपविले, तो दाखला आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, “काका, आकड्यांचं काम मला जमतं, ते देणंच आहे. मग नऊ वर्षे मी ते जमिनीत पुरून ठेवलं का?”

आम्ही विचार करून सांगितले की, त्या चाकराला बोल लागला तो भीतीने काहीच न केल्याबद्दल. आजाऱ्याच्या उशाशी जो बसला त्याने काहीच केले नाही असे म्हणता येत नाही. त्याच्या हाती त्या वेळी दुसरे काही सोपविलेले होते आणि ते त्याने जपले. उत्तर आम्हांला समाधानकारक वाटले. पण बाईंचे समाधान झाले नाही. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “सात वर्षांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. नंतरची दोन वर्षे कोणी मला धरून ठेवलं नव्हतं. मुलीची शाळा, घराची रंगरंगोटी, काही ना काही मी सांगत राहिले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.”

वाचकहो, सबंध प्रकरणात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच वाक्य. कुटुंबासाठी थांबणे आणि कुटुंबाच्या आड लपणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत माणूस घरीच असतो आणि लोक दोन्हींची सारखीच वाखाणणी करतात. त्यांतील भेद फक्त ज्याचा त्याला कळतो. आणि तो कळून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल नीट पडत नाही. भीती हा काही गुन्हा नव्हे. नऊ वर्षांनी परतणाऱ्याला ती वाटणारच. परंतु भीतीला कर्तव्याचे नाव दिले तर ती कधीच जात नाही, कारण कर्तव्य सोडण्यास कोण धजेल?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. परत कामावर जाणे किंवा शिकणे हे प्रत्येकीचे कर्तव्य आहे असे आम्ही म्हणत नाही. घरी राहण्यातच ज्यांचे मन पूर्ण आहे त्यांना कोणी कमी लेखू नये. खर्चही पाहिला पाहिजे. एक वर्षाच्या या शिक्षणाचे शुल्क कित्येक लाखांच्या घरात जाते, आणि एकेचाळिसाव्या वर्षी घेतलेले कर्ज फेडण्यास तरुणांइतकी वर्षे हाती नसतात. मुलीच्या कॉलेजसाठी साठविलेल्या पैशाला हात लावावा काय, हा त्या घरात कित्येक रात्री चाललेला वाद होता. त्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हा हिशेब मांडताना एक जमा बाजू विसरू नये. नऊ वर्षे एका माणसाने न घेतलेला पगार त्या घराने खाल्लेला आहे. तो कोणत्याही पासबुकात नाही, म्हणून तो देणेच नाही असे होत नाही. पुष्कळ घरांत स्त्रीच्या शिक्षणाचा खर्च निघाला की ती काही मागते आहे असा सूर लागतो. वस्तुतः पुष्कळदा ती आपले येणे वसूल करीत असते.

हेच ज्या पुरुषांनी आईवडिलांसाठी किंवा मुलांसाठी काम सोडले त्यांनाही लागू आहे. त्यांची संख्या थोडी आहे आणि त्यांना तर लोक अधिकच टोचून विचारतात. त्यांच्यासाठीही तो चौकोन तितकाच कोरा आहे.

शेवटी त्या चौकोनात बाईंनी काय लिहिले ते सांगतो. त्यांनी लिहिले की, २०१५ ते २०२२ या काळात त्यांनी पक्षाघाताने आजारी असलेल्या सासूची घरी शुश्रूषा केली व लहान मुलीला वाढविले. २०१७ साली दोन महिने नातेवाइकांच्या दुकानाचे कराचे कागद लावून दिले. २०२२ नंतर परतण्याचा निर्णय त्यांनी दोन वर्षे लांबणीवर टाकला, कारण आपण मागे पडलो आहोत असे त्यांना वाटत होते. आणि ते अंतर भरून काढण्यासाठी आपण काय काय वाचले ते त्यांनी दिले. इतकेच. दोन वर्षांविषयीचे वाक्य गाळावे असे आम्हीच सुचविले होते. संस्थेपुढे कोणी कबुलीजबाब देत नसतो, असे आम्ही म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. “मुलाखतीत विचारलंच तर मला तेच सांगायचं आहे. मग आधीच लिहिलेलं बरं,” असे त्या म्हणाल्या. आज आम्हांला वाटते की, त्यांचेच बरोबर होते.

मुलाखतीला बोलावणे आले आणि नेमके त्याच वाक्यावर त्यांना विचारण्यात आले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले. त्या वर्षी त्यांची निवड झाली नाही. कारण कळविण्यात आले नाही आणि ते तर्काने ठरविणे योग्यही होणार नाही. घरी दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यजमानांनी विचारले, “तुझ्या परीक्षेचे गुण किती वर्षे चालतात?” पाच, असे कळल्यावर ते म्हणाले, “मग या वर्षी पुन्हा भर.” तेव्हापासून ते कचेरीतून वेळेवर निघतात. संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास त्यांच्याकडे आहे. पहिले काही आठवडे पोळ्या जाड होत असत असे मुलीकडून समजते. २०२५ साली बाईंनी दोन संस्थांकडे पुन्हा अर्ज केला, आणि तो चौकोन पूर्वीच्याच शब्दांत भरला.

मंडळीतील आपणा सर्वांना आमची एक विनंती आहे. आपल्या शेजारी, आपल्याच बाकावर अशी कोणी भगिनी बसत असेल. तिला “आता या वयात कशाला?” असे विचारण्यापूर्वी, ती वर्षे कोणासाठी गेली हे आपण आठवून पाहावे. महिला मंडळाने परीक्षेच्या दिवशी तिचे मूल सांभाळावे. ज्यांना बँकेची, कायद्याची वा संगणकाची आजची माहिती आहे त्यांनी आठवड्याला एक तास तिला द्यावा. आणि ज्यांच्या भिंतीवर अखंड सेवेची मानपत्रे आहेत, त्यांनी आज रात्री जेवणाच्या वेळी घरात विचारावे की, ही सेवा अखंड राहावी म्हणून कोणाकोणाची खंडित झाली. उत्तर ऐकण्यास फार वेळ लागणार नाही. पण ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी घरातील कामाची वाटणी पूर्वीसारखी राहू नये, एवढी अपेक्षा आम्ही करतो.